गव्हाण (ख्रिस्ती चिंतन)

गव्हाण : गुरांना वैरण घालण्याची दगडी, मातीची वा लाकडी जागा. बायबलच्या नव्या करारातील लूककृत शुभवर्तमानानुसार (येशूचे चरित्र सांगणारा ग्रंथ, २:७) मरीयेने नवजात येशूला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले, कारण उतारशाळेत जागा नव्हती. पुढे देवदूत मेंढपाळांना हीच गव्हाण ‘खूण’ म्हणून सांगतो (२:१२). या एका शब्दामुळे अडचणीच्या वेळी केलेली सोय हा तपशील मागे पडला आणि ईश्वर आपला संकल्प दीन व खडतर आरंभातून सिद्धीस नेतो, या विचाराचे गव्हाण हे प्रतीक ठरले.

‘उतारशाळा’ हा मराठी शब्द ग्रीक ‘काटालुमा’साठी आला आहे, आणि वाद आहे तो त्याच्या अर्थाचा. लूक हाच शब्द वल्हांडण या यहुदी सणाच्या भोजनाच्या खोलीसाठी योजतो (२२:११). दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात (१०:३४) मात्र पैसे देऊन राहण्याच्या जागेला तो ‘पान्दोखेइऑन’ म्हणतो. त्यामुळे २:७ मध्ये पाहुण्यांची खोली अभिप्रेत असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. बायबलचे अभ्यासक केनेथ बेली यांनी पॅलेस्टाइनमधील साध्या घराच्या रचनेकडे लक्ष वेधले : माणसे उंचवट्यावर, रात्री आत घेतलेली जनावरे सखल भागात आणि गव्हाणी उंचवट्याच्या कडेला. या वाचनात जागा नाकारणारा निर्दय उतारशाळावाला उरत नाही. लूकच्या मजकुरात तसाही तो कोठे नाही. विरुद्ध बाजूस, जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात (निर्गम ४:२४) ‘काटालुमा’ प्रवासातील मुक्कामाच्या जागेसाठी येतो, म्हणून रूढ अर्थ अगदीच निराधार म्हणता येत नाही. तरीही लूकची स्वतःची शब्दयोजना पाहता ‘पाहुण्यांची खोली’ हा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो.

जन्म गुहेत झाला ही परंपरा शुभवर्तमानांत नाही. ती ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर (सु. १५५–१६०) आणि साधारण त्याच शतकातील, बायबलबाहेरील ‘याकोबाचे आद्यशुभवर्तमान’ यांत आढळते. जस्टिन गुहेचा संबंध जुन्या करारातील यशया संदेष्ट्याच्या भविष्यवाणीशी जोडतो. त्यामुळे तिचा उगम त्या वचनात असावा अशी शंका घेतली जाते. मात्र सु. २४८ मध्ये ख्रिस्ती विद्वान ऑरिजेन बेथलेहेममध्ये ही गुहा दाखवली जात असल्याचे नोंदवतो. चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळी तेथे चर्च उभे राहिले. जन्मवर्षही अनिश्चित आहे. शुभवर्तमानांत जन्म हेरोद राजाच्या काळी आणि सीरियाचा रोमन सुभेदार क्विरिनियसच्या नोंदणीच्या वेळी झाला असे येते, पण हे जुळत नाही : हेरोदाचा मृत्यू बहुधा इ.स.पू. ४ मधला, तर क्विरिनियसची ज्ञात नोंदणी इ.स. ६ मधली.

या आरंभाचा उपहास दुसऱ्या शतकातच झाला. खेड्यातील, सूत कातून पोट भरणाऱ्या गरीब स्त्रीचा मुलगा देव कसा, असे ख्रिस्ती धर्माचा टीकाकार तत्त्वज्ञ सेल्सस याने विचारले. ऑरिजेनने ही दीनता नाकारली नाही. कूळ, संपत्ती व शिक्षण यांच्या बळावर माणसे नावारूपाला येतात. यांतले काहीच पाठीशी नसताना ज्याने जग हलवले, त्याच्यामागे मानवी सामर्थ्याहून मोठे काही असले पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता. नव्या करारातील प्रेषित पौलाच्या पत्रांत याची बीजे आहेत : ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले (फिलिप्पै २:७), देवाने जगातील दुर्बलांना निवडले (१ करिंथ १:२७).

येथे एक भेद जपावा लागतो. बाळंतपणानंतरच्या शुद्धीकरणाच्या वेळी मरीया आणि तिचा पती योसेफ यांनी होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिले, म्हणजे कोकरू न परवडणाऱ्यांचे अर्पण, दिले (लूक २:२४, लेवीय १२:८). त्यांचे दारिद्र्य लूक लपवत नाही, पण गौरवीतही नाही. मरीयेच्या स्तोत्रात देव दीनांना उंच करतो (१:५२). दुःख मुकाट्याने सोसावे यासाठी गव्हाणीचा दाखला देणे म्हणूनच मूळ संहितेला धरून नाही. विसाव्या शतकातील, गरीब व पीडितांच्या मुक्तीवर भर देणाऱ्या मुक्तिपर धर्मशास्त्राने या स्तोत्रावर दिलेला भर अधिक न्याय्य आहे.

प्राचीन ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनने गव्हाणीत अन्नाचे चिन्ह पाहिले : चाऱ्याच्या जागी ठेवलेला बालक श्रद्धावंतांचे अन्न होतो. बेथलेहेम या हिब्रू नावाचा रूढ अर्थही ‘भाकरीचे घर’ असाच आहे. ३८६ पासून तेथे राहिलेल्या, बायबलचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने मातीची गव्हाण हलवून चांदीची बसवल्याबद्दल एका प्रवचनात खंत व्यक्त केली. बैल व गाढव लूकमध्ये नाहीत. ते यशया १:३ वरून आले. १२२३ च्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतील ग्रेच्चो येथे गवत, बैल व गाढव आणवले, आणि त्या गव्हाणीवरच मिस्साबलिदान अर्पण झाले.