हिपॅटायटीस बी : पहिल्याच दिवशी लस कशाला?

सरकारी दवाखान्यात बाळ जन्मलं की घरी सोडण्याआधी त्याला तीन लसी मिळतात. डाव्या दंडावर बीसीजी, तोंडात पोलिओचे दोन थेंब आणि मांडीत अर्धा मिलिलिटर हिपॅटायटीस बी. पहिल्या दोन्हींबद्दल सहसा कुणी काही विचारत नाही. तिसरीबद्दल मात्र शंका निघतेच : हा आजार रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरणारा, मग काल जन्मलेल्या पोराला त्याची सुई कशाला? शंका रास्त आहे. तिचं उत्तर मिळायला जगाला बरीच वर्षं लागली.

आधी एक गोंधळ निस्तरायला हवा. आपण सरसकट 'कावीळ' म्हणतो तिच्यात बरेच विषाणू येतात. पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणारी कावीळ ही ए किंवा ई विषाणूची. ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते, म्हणून तर चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ 'उतरवणाऱ्यां'चं दुकान अजून चालू आहे. बी विषाणूचा मामला निराळा. तान्ह्या बाळाला, बहुधा आईकडून बाळंतपणातच, त्याची लागण झाली तर बहुधा डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही, घरात कुणाला काही कळत नाही. विषाणू यकृतात मुक्काम ठोकतो आणि पुढे काहींच्या बाबतीत ऐन उमेदीत सिरॉसिस (यकृत निबर होऊन निकामी होणं) किंवा यकृताचा कर्करोग म्हणून समोर येतो.

यातली खरी मेख वयात आहे. जन्माच्या वेळी किंवा पहिल्या वर्षात लागण झालेल्या दहा बाळांपैकी नऊ जणांच्या अंगात हा विषाणू कायमचा राहतो. एक ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण साधारण पाव ते निम्मं असतं. धडधाकट मोठ्या माणसात शंभरात पाचपेक्षा कमी. मोठ्या माणसाचं शरीर विषाणूशी झगडतं, त्या झगड्यात यकृताला सूज येते, कावीळ होते आणि बहुतेक जण मोकळे होतात. नवजात शरीर झगडतच नाही.

हे आज सोपं वाटतं. १९६५ साली विषाणूचा मागमूसही नव्हता. त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या बारूख ब्लुमबर्ग यांनी एक नवं प्रथिन सापडल्याचं जाहीर केलं. ते कावीळ शोधायला निघालेलेच नव्हते. माणसामाणसांच्या रक्तातले आनुवंशिक फरक ते अभ्यासत होते आणि एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना हे प्रथिन आढळलं, म्हणून नाव पडलं 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन'. पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेतली एक तंत्रज्ञ आजारी पडली, तिचं रक्त निगेटिव्हचं पॉझिटिव्ह झालं आणि या प्रथिनाचा काविळीशी असलेला संबंध पक्का होत गेला. ते विषाणूचं बाहेरचं आवरण होतं. १९७६ साली ब्लुमबर्ग यांना नोबेल मिळालं. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, हाच आता जागतिक हिपॅटायटीस दिन.

या इतिहासातलं एक पान मात्र वाचवत नाही. न्यूयॉर्कमधल्या विलोब्रुक इथे मतिमंद मुलांची मोठी निवासी संस्था होती. तिथे सॉल क्रुगमन या डॉक्टरांनी मुलांना मुद्दाम काविळीची लागण करून प्रयोग केले. संस्थेत कावीळ इतकी पसरलेली आहे की मुलांना ती आज ना उद्या होणारच, असा त्यांचा युक्तिवाद. या प्रयोगांतून काविळीचे दोन प्रकार वेगळे ओळखता आले आणि बी विषाणू असलेलं रक्तद्रव उकळून टोचलं तर काही अंशी संरक्षण मिळतं, हेही १९७१ च्या सुमारास दिसलं. म्हणजे लस शक्य आहे याचा पहिला पुरावा ज्या मुलांकडून आला, त्यांना नकार देण्याची सोयच नव्हती. संशोधनातल्या संमतीच्या नियमांची चर्चा आजही विलोब्रुकवाचून पुरी होत नाही.

प्रत्यक्ष लस बनवली मॉरिस हिलमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने. विषाणू प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता, म्हणून कच्चा माल एकच : ज्यांच्या अंगात विषाणू मुरलेला आहे अशा माणसांचं रक्त. त्यातलं आवरणाचं प्रथिन वेगळं काढायचं आणि पेप्सिन, युरिया, फॉर्मॅलिन अशा तीन पायऱ्यांतून नेऊन जिवंत काही उरणार नाही याची खात्री करायची. १९८१ साली अमेरिकेत परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी एड्सच्या पहिल्या बातम्या आल्या. माणसाच्या रक्तापासून केलेली लस म्हटल्यावर लोक बिचकले. ती प्रक्रिया कुठलाही विषाणू टिकू देत नाही हे पुढे सिद्ध झालं, पण भीतीला पुराव्याची वाट पाहण्याची सवय नसते. १९८६ मध्ये यीस्टच्या पेशींकडून तेच प्रथिन बनवून घेणारी लस आली आणि रक्ताचा प्रश्नच मिटला. आज आपल्या मुलांना मिळते ती ही.

आता तैवान. तिथे त्या काळी मोठ्या माणसांपैकी १५ ते २० टक्के लोक या विषाणूचे वाहक होते, म्हणजे त्यांच्या अंगात तो कायमचा मुरलेला होता. अमेरिकन डॉक्टर पामर बीस्ली यांनी तिथल्या २२,७०७ पुरुषांवर, मुख्यतः सरकारी नोकरांवर, वर्षानुवर्षं नजर ठेवली. १९८१ साली निष्कर्ष छापून आला : वाहकांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या दोनशे पटींहून जास्त. सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं नातंसुद्धा याच्यापुढे फिकं. शिवाय यातले बरेच वाहक आईकडून बाळंतपणातच लागण झालेले आहेत, हेही बीस्लींच्या कामातून पुढे आलं होतं.

तैवान सरकारने जुलै १९८४ पासून वाहक मातांच्या बाळांना लस सुरू केली. ज्या मातांच्या रक्तात विषाणूचा जोर जास्त (म्हणजे 'ई अँटिजेन' पॉझिटिव्ह), त्यांच्या बाळांना पहिल्या २४ तासांत तयार प्रतिपिंडांचं (विषाणूशी लढणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांचं) इंजेक्शन, इम्युनोग्लोब्युलिनही. १९८६ पासून सगळ्याच नवजात बाळांना लस. तैपेईतल्या मुलांमधलं वाहकांचं प्रमाण १९८४ मध्ये ९.८ टक्के होतं, ते १९९४ मध्ये १.३ टक्क्यांवर आलं. खरी खळबळ उडाली १९९७ साली. चँग मेई-ह्वेई आणि सहकाऱ्यांनी ६ ते १४ वर्षांच्या मुलांमधल्या यकृताच्या कर्करोगाचे आकडे मांडले : १९८१ ते १९८६ या काळात लाखामागे ०.७०, आणि १९९० ते १९९४ मध्ये ०.३६. एखाद्या लसीने माणसातला कर्करोग कमी होतो हे पहिल्यांदाच असं आकड्यांत दिसलं.

चीनमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांत १९९२ साली जवळपास १० टक्के वाहक होते, २००६ मध्ये सुमारे एक टक्का.

लस अभेद्य आहे असं मात्र नाही. तीन डोस पूर्ण झालेल्या निरोगी बाळांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त जणांत पुरेशी प्रतिपिंडं तयार होतात. आईच वाहक असेल तर वेळेवर लस आणि इम्युनोग्लोब्युलिन मिळून ८५ ते ९५ टक्के बाळं वाचतात. उरलेली बहुतेक त्या मातांची, ज्यांच्या रक्तात विषाणूंची गर्दी आहे. काहींना पोटात असतानाच लागण झालेली असते. म्हणून अशा मातांना आता गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत विषाणूला दाबणाऱ्या टेनोफोविरच्या गोळ्या देतात.

बरेच पालक दहा-बारा वर्षांच्या मुलाची प्रतिपिंडं तपासून घेतात, आकडा खाली दिसतो आणि बूस्टरसाठी धावतात. आकडा उतरतोच. पण शरीराची आठवण शिल्लक असते आणि विषाणू समोर आला की प्रतिपिंडं पुन्हा उसळतात. अलास्कात १९८१ पासून लस घेतलेल्यांचा तीस वर्षं पाठपुरावा झाला, त्यात हे संरक्षण टिकलेलं दिसलं. निरोगी मुलाला बूस्टरची गरज नाही, असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते.

भारतात लस आधी पैसेवाल्यांपर्यंत पोचली. आयात केलेल्या एकेका डोसला शेकडो रुपये पडत. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली, मग पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटसह इतरही उतरले आणि भाव कोसळले. त्याच सुमारास गावोगाव सवलतीच्या लसीकरण शिबिरांची लाट आली. त्यात रांगेत उभे असायचे ते बहुतांशी मोठे लोक आणि कॉलेजची मुलं, म्हणजे ज्यांच्या अंगात विषाणू कायमचा राहण्याची शक्यता सगळ्यात कमी! सरकारी कार्यक्रमात लस आली ती २००२-०३ मध्ये निवडक जिल्ह्यांत आणि शहरी वस्त्यांत. २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत. २०११ मध्ये देशभर. सगळ्यांना कशाला, फक्त वाहक मातांच्या बाळांना द्या, पैसा वाचेल, असं म्हणणारे डॉक्टरही होते आणि त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. फक्त त्यासाठी प्रत्येक गरोदर बाईची रक्ततपासणी व्हायला हवी होती, आणि ती यंत्रणा तेव्हा नव्हती.

अडचणी आजही लसीपेक्षा पोचवणुकीच्या जास्त. कुपी दहा डोसांची. एका बाळासाठी फोडली तर बाकीचे वाया जातील म्हणून नर्सचा हात आखडतो, खरं तर उघडलेली कुपी नीट थंड ठेवली तर २८ दिवस वापरता येते. थंड म्हणजे गोठलेली नव्हे. ही लस गोठली की कामातून गेली. रविवारचं किंवा घरी झालेलं बाळंतपण असेल तर डोस हुकतो. राष्ट्रीय वेळापत्रकात जन्माच्या डोसची मुदत २४ तासांचीच. ती टळली की बाळाला थेट सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंटमधून (पाच आजारांवरच्या एकत्र लसीतून) हिपॅटायटीस बीची लस मिळते. आई वाहक नसेल तर तेवढ्याने चांगलं संरक्षण मिळतं. आई वाहक असेल तर मधल्या सहा आठवड्यांत बाळाच्या वाट्याला काहीच नसतं.