टेक्सासच्या ग्रामीण काउंटीतील वाहतूक तिकीट : शोध आणि भरणा

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात शहराच्या हद्दीबाहेर मिळालेले वाहतूक तिकीट, म्हणजे नियम मोडल्याबद्दल पोलिसाने दिलेला कागद, बहुतेक वेळा काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) जस्टिस ऑफ द पीस न्यायालयात दाखल होते. बोलण्यात याला जेपी कोर्ट म्हणतात. राज्यात २५४ काउंट्या आहेत. प्रत्येक काउंटीचे लोकसंख्येनुसार एक ते आठ प्रिसिंक्ट, म्हणजे पोटविभाग, पडतात आणि तिथला जेपी, म्हणजे या न्यायालयाचा न्यायाधीश, चार वर्षांसाठी लोकांतून निवडून येतो. तो वकील असावा अशी अट नाही. निवडून आल्यावर पहिल्या वर्षात ८० तासांचे प्रशिक्षण मात्र घ्यावे लागते. तिकिटांखेरीज लहान रकमांचे दिवाणी दावे, भाडेकरूला घराबाहेर काढण्याचे अर्ज आणि लग्ने लावणे ही कामेही त्याच्याकडेच असतात. ज्या काउंटीत सरकारी शवचिकित्सक नाही, तिथे अकस्मात मृत्यूची चौकशीही तोच करतो. लँगट्री गावात आपल्या दारूच्या गुत्त्यातच न्यायालय भरवणारा रॉय बीन १८८२ मध्ये नेमला गेला तो याच पदावर.

तिकिटाला बिल समजले की पुढचे सगळे हिशेब चुकतात. कायद्याच्या दृष्टीने तो एका ठरावीक न्यायालयात उभा राहिलेला छोटा फौजदारी खटला आहे. वेगमर्यादा ओलांडणे, सीटबेल्ट न लावणे, विम्याचा पुरावा जवळ नसणे हे सगळे केवळ दंडाची शिक्षा असलेले गुन्हे. सर्वसाधारण वाहतूक गुन्ह्याला १ ते २०० डॉलर दंड आहे. रस्त्याच्या कामावर मजूर हजर असताना तिथे वेग ओलांडला तर तो दुप्पट होतो. म्हणून पैसे कुठे भरायचे याआधीचा प्रश्न असतो तो खटला कोणत्या न्यायालयात आहे हा.

न्यायालय कसे शोधावे

गाडी कोणी थांबवली यावर उत्तर ठरते. राज्याच्या हायवे पेट्रोलचा ट्रूपर, काउंटी शेरीफचा (काउंटीच्या पोलिसप्रमुखाचा) डेप्युटी किंवा काउंटीचा कॉन्स्टेबल असेल तर तिकीट जेपी कोर्टात जाते. गावच्या पोलिसाने थांबवले असेल तर ते त्या गावच्या म्युनिसिपल कोर्टात. लहान गावांत ही दोन्ही कार्यालये एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असतात, पण एकाच्या खिडकीवर दुसऱ्याचे पैसे घेत नाहीत. हायवेने जाताना ७५ मैलांची पाटी ५५ वर आणि लगेच ३५ वर उतरते, ती नेमकी गावच्या वेशीवर. त्यामुळे आपल्याला वेशीच्या आत थांबवले की बाहेर, हे चालकाला बऱ्याचदा सांगता येत नाही. थांबवणाऱ्याचा गणवेश आणि तिकिटाचा कागद या दोनच भरवशाच्या खुणा.

हल्ली गाडीतल्या छपाईयंत्रातून निघणारे तिकीट पावतीसारखे लांबट असते. वर चालकाचे नाव, परवाना क्रमांक, गाडीचे वर्णन. मधे गुन्हा, नोंदलेला वेग आणि तिथली मर्यादा, हायवेचा क्रमांक व जवळचा मैलाचा दगड. खरी महत्त्वाची ओळ तळाशी असते, आणि घाईत तीच वाचायची राहते. प्रिसिंक्टचा क्रमांक, न्यायालयाचा पत्ता व फोन, आणि ‘या तारखेला किंवा त्याआधी हजर राहा’ ही सूचना तिथे असते. ही तारीख तिकीट दिल्यापासून किमान दहा दिवसांनंतरची असावी लागते. तिकिटाचा क्रमांक आणि न्यायालयाने नंतर दिलेला खटल्याचा क्रमांक वेगवेगळे असतात; फोनवर विचारताना दोन्हींची गल्लत होते.

बिग बेंड परिसरातली ब्रूस्टर काउंटी क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठी. मुख्य ठाणे अल्पाइन, आणि दक्षिणेकडचे टेर्लिंग्वा तिथून सुमारे ८० मैल. काउंटीत एकाहून अधिक जेपी असल्यामुळे ‘ब्रूस्टर काउंटीचे तिकीट’ एवढ्या माहितीने काम भागत नाही; प्रिसिंक्ट कळावाच लागतो. त्याच प्रवासात बिग बेंड राष्ट्रीय उद्यानाच्या आत रेंजरने तिकीट दिले असेल तर ते केंद्र सरकारचे. त्याचा भरणा सेंट्रल व्हायोलेशन्स ब्युरोकडे होतो आणि जेपीच्या दफ्तरात त्याचा मागमूस नसतो. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनची मराठी कुटुंबे सुट्टीत या उद्यानाकडे जातात, त्यांनी हा फरक निघण्यापूर्वीच समजून घ्यावा.

कागद हरवला तर गोष्ट अवघड होते, अशक्य नाही. सगळ्या राज्याची तिकिटे दाखवणारे एकच संकेतस्थळ नाही. ऑस्टिनमधले सार्वजनिक सुरक्षा खाते आपल्या ट्रूपरने दिलेल्या तिकिटाचाही दंड स्वीकारत नाही. त्यामुळे प्रवासाचा रस्ता आठवून काउंटी ठरवायची आणि तिथल्या प्रत्येक जेपीच्या कार्यालयात फोन करायचा, हाच मार्ग. लिपिक नाव, जन्मतारीख आणि परवाना क्रमांकावरून शोधतात. गाडीचा क्रमांक सांगून फारसे हाती लागत नाही. महाराष्ट्रात ई-चलन गाडीच्या क्रमांकावर निघते आणि गाडी विकताना पुढे येते; टेक्सासमध्ये तिकीट चालकाच्या नावावर असते, मग गाडी भाड्याची असो की मित्राची. सिग्नल तोडणाऱ्यांना कॅमेऱ्यावरून पाठवले जाणारे दंडही राज्याने २०१९ मध्ये बंद केले, त्यामुळे तिकीट जवळपास नेहमीच पोलिसाच्या हातूनच मिळते. मोबाइलवर ‘तुमचे तिकीट थकले आहे, इथे भरा’ असा अनोळखी दुवा आला तर त्यावर पैसे भरू नयेत. स्वतः शोधलेल्या क्रमांकावर न्यायालयाला विचारावे.

तिकीट न्यायालयाच्या नोंदीत चढायला काही दिवस लागतात. चौथ्या दिवशी फोन केला आणि ‘सापडत नाही’ असे उत्तर मिळाले म्हणजे ते रद्द झाले असे नाही. अशा गुन्ह्यात फिर्याद दाखल करायला सरकारला दोन वर्षे मिळतात. नोंद सापडली नाही तरी कागदावरची तारीख पाळावी, आणि त्याआधी न्यायालयाला पत्र किंवा ईमेल पाठवून त्याची प्रत ठेवावी.

सही, कबुली आणि पर्याय

तिकिटावरची सही गुन्ह्याची कबुली नसते. ते हजर राहण्याचे वचन आहे, आणि त्या वचनावरच चालकाला रस्त्यावरून जाऊ देतात. टेक्सासमध्ये वाहतूक गुन्ह्यासाठी पोलिस अटकही करू शकतो. लागो व्हिस्टा गावात १९९७ मध्ये सीटबेल्टच्या गुन्ह्यात गेल अ‍ॅटवॉटर यांना बेड्या घातल्या गेल्या. त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ५० डॉलर दंड होता. तरीही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती अटक घटनाबाह्य ठरवली नाही. निव्वळ वेगाच्या गुन्ह्यात मात्र, चालक वचनावर सही करायला तयार असेल, तर तिकीट देऊन सोडणे पोलिसाला बंधनकारक आहे.

सर्वांत सोपा पर्याय सर्वांत महाग पडू शकतो. संकेतस्थळावर कार्ड घालून पूर्ण रक्कम भरली की कायद्याने ती ‘नो कॉन्टेस्ट’ची (गुन्हा कबूल न करता शिक्षा मान्य करण्याची) बाजू मानली जाते आणि दोषी ठरल्याची नोंद वाहनपरवान्याच्या इतिहासात जाते. विमा कंपनी तो इतिहास पाहते. म्हणून पैसे भरण्याआधी लिपिकाला दोन गोष्टी विचाराव्यात : ड्रायव्हिंग सेफ्टी कोर्स मिळेल का, आणि डेफर्ड डिस्पोझिशन (निकाल लांबणीवर टाकणे) मिळेल का.

कोर्सचा हक्क टेक्सासचा परवाना असणाऱ्यांना बारा महिन्यांत एकदा असतो. हजेरीच्या तारखेपर्यंत तशी मागणी करावी लागते. मर्यादेपेक्षा २५ मैल किंवा त्याहून अधिक वेग, ताशी ९५ मैल किंवा त्याहून अधिक वेग, मजूर हजर असलेल्या पट्ट्यातला गुन्हा, किंवा व्यावसायिक परवाना असेल तर तो मिळत नाही. न्यायालय ९० दिवस देते. त्यात कोर्सचे प्रमाणपत्र आणि राज्याकडून मागवलेली चालक-नोंद जमा केली की खटला निकाली निघतो. डेफर्ड डिस्पोझिशन हा जेपीच्या मर्जीचा भाग : जास्तीत जास्त १८० दिवस नवे तिकीट न घेता आणि त्याने घातलेल्या अटी पाळून काढले, तर दोषाची नोंद होत नाही. दुसऱ्या राज्याचा परवाना असलेल्यांना कोर्सचा हक्क नसल्याने त्यांच्यासाठी हाच दरवाजा उरतो. विमा त्या दिवशी चालू होता पण कागद जवळ नव्हता, एवढेच असेल तर विम्याचा पुरावा दाखवल्यावर खटला काढून टाकतात. गाडीची नोंदणी संपलेली असेल तर २० कामकाजी दिवसांत ती नवी करून, लहानसे शुल्क भरून, हाच निकाल मिळवता येतो.

रकमेचा मोठा भाग दंडाचा नसतोच. वेगाच्या साध्या तिकिटावर राज्याचे एकत्रित न्यायालय शुल्क ६२ डॉलर, स्थानिक १४, राज्याचा वाहतूक दंड ५०, स्थानिक वाहतूक दंड ३ आणि पोलिसाच्या कामाचे ५, असे १३४ डॉलर जेपीने स्वतःचा दंड लावण्याआधीच जमा होतात. कोर्स घेतला तर १० डॉलरपर्यंत प्रशासन शुल्क मिळून हिशेब १४४ वर थांबतो, शिवाय कोर्सची वेगळी फी. तिकीट देणारा पोलिस हा आकडा सांगत नाही, कारण तो ठरवणे त्याच्या हातात नसते. अनेक ग्रामीण कार्यालये वैयक्तिक चेक घेत नाहीत. मनी ऑर्डर किंवा कॅशियर्स चेक मागतात, आणि कार्डावर वेगळे सेवाशुल्क लागते. टपालाने पाठवताना मनी ऑर्डरवर तिकिटाचा क्रमांक लिहायचा राहिला तर पैसे पोचतात, पण कोणत्या खटल्यात जमा करायचे हे लिपिकाला कळत नाही.

न भरल्यास आणि भरता येत नसल्यास

तारीख चुकली की हजर न राहिल्याचा दुसरा गुन्हा जोडला जाऊ शकतो. अटक वॉरंट काढण्याआधी न्यायालयाने फोनने किंवा टपालाने नवी तारीख कळवली पाहिजे, असा २०१७ पासून नियम आहे. पत्ता बदललेल्या माणसापर्यंत हे पत्र पोचत नाही, आणि खोली सारखी बदलणारे विद्यार्थी इथेच अडकतात. पुढे परवान्याचे नूतनीकरण अडते. असे नूतनीकरण अडलेल्यांची यादी ऑम्नीबेस नावाची कंपनी राज्यासाठी ठेवते आणि थकलेल्या तिकिटाचा शोध तिच्या संकेतस्थळावर राज्यभरासाठी घेता येतो. मात्र सगळी न्यायालये या योजनेत नाहीत. ६० दिवसांहून अधिक थकलेली रक्कम वसुली एजन्सीकडे गेली तर तीस टक्के वाढते. वॉरंट निघाले असले तरी माणूस आपणहून आला आणि प्रकरण मिटवले तर जेपीने ते मागे घ्यायचे असते. वॉरंटच्या भीतीने न्यायालय टाळणे हा त्यामुळे सर्वांत वाईट सल्ला आहे.

पैसे नाहीत म्हणून तुरुंग, हे अमेरिकेच्या घटनेत बसत नाही, आणि ते ठरले टेक्सासच्याच एका माणसामुळे. ह्यूस्टनच्या प्रेस्टन टेट यांच्यावर ४२५ डॉलरचे वाहतूक दंड होते. भरता न आल्याने दिवसाला पाच डॉलर वजावटीच्या हिशेबाने ८५ दिवस त्यांना कैदेत काम करायला पाठवले गेले. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवले. नियम कागदावर आला तरी लहान न्यायालयांत तो रुजायला फार वेळ लागला. २०१७ च्या सुधारणांनी समोर उभ्या असलेल्या माणसाला ‘लगेच भरता येईल का’ हे विचारणे जेपीवर बंधनकारक केले. उत्तर नाही असेल तर हप्ते, समाजसेवा (आठ तासांना १०० डॉलर) किंवा पूर्ण वा अंशतः माफी देता येते. संकेतस्थळावरच्या भरण्याच्या पानावर हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्यासाठी न्यायालयाला सांगावे लागते.

लढवणे

गुन्हा नाकारला तर सरकारतर्फे काउंटी अ‍ॅटर्नी उभा राहतो आणि संशयापलीकडे पुरावा त्याने द्यायचा असतो. सहा जणांची ज्युरी मिळते. सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. जेपी कोर्टात साक्षी शब्दशः नोंदवल्या जात नाहीत, त्यामुळे विरोधात निकाल गेला तर दहा दिवसांत ठरावीक जामिनासह अपील करावे लागते आणि काउंटी कोर्टात खटला पहिल्यापासून चालतो. तीनशे मैलांवर राहणाऱ्याला हे परवडत नाही, हीच ग्रामीण तिकिटांची खरी अडचण. लिपिकाला विचारून तारीख पुढे मागता येते, आणि काही जेपी दूरच्यांना ऑनलाइन हजर राहू देतात.

राज्य सोडून गेल्याने तिकीट संपत नाही. टेक्सास परराज्यातील चालकांसंबंधीच्या करारात असल्याने दुर्लक्षित तिकिटाची खबर चालकाच्या राज्याला जाते आणि तिथे परवाना निलंबित होऊ शकतो. नागरिकत्वाच्या अर्जात जुन्या तिकिटांची माहिती विचारली जाते. अटक झालेली नसेल, दारूचा वा अमली पदार्थांचा संबंध नसेल आणि शिक्षा ५०० डॉलरहून कमी दंडाचीच असेल, तर कागदपत्रे जोडण्याची सक्ती नसते. तरीही खटला निकाली निघाल्याचा न्यायालयाचा कागद मागून घ्यावा, कारण बँकेच्या नोंदीत फक्त रक्कम दिसते, निकाल दिसत नाही.