बुकिंग एका वेळी एकच का होतं? आमच्या होमस्टेवाल्यांसाठी माहिती

मालवण, तारकर्ली, गणपतीपुळे, सगळीकडून एकच प्रश्न येतो, की दिवाळीच्या सुट्टीत गर्दी झाली की अ‍ॅपवर "थांबा, आधीची नोंद चालू आहे" असं का येतं. ते आम्ही मुद्दाम ठेवलंय.

एका बुकिंगमागे तीन कामं असतात, खोली रिकामी आहे का बघायचं, अ‍ॅडव्हान्स घ्यायचा आणि मग खोली त्या नावावर लावायची. प्रत्येक कामाला बाहेरून उत्तर यायला वेळ लागतो, आणि जावास्क्रिप्ट, म्हणजे अ‍ॅप ज्या भाषेत लिहिलंय ती, तोवर गप्प बसत नाही, दुसऱ्याचं काम हातात घेते. म्हणजे पुण्याच्या पाहुण्याला खोली रिकामी दिसली, त्याचे पैसे येईपर्यंत कोल्हापूरच्यालाही रिकामीच दिसली, तर समुद्राकडची एकच खोली दोघांना जाते आणि रात्री पोरंबाळं घेऊन दोन्ही कुटुंबं तुमच्या दारात. त्यातल्या एकाला परत पाठवणं किती जड जातं ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून एका खोलीच्या नोंदी रांगेतच जातात. आधीचं काम झालं किंवा फसलं की मगच पुढचं, आणि पाच मिनिटांत पैसे आले नाहीत तर ते सोडून पुढचा नंबर. वेगवेगळ्या खोल्यांची कामं मात्र सोबतच चालतात, तिथं उगाच कुणाला थांबवत नाही. शिवाय सगळ्या नोंदी जिथं साठतात त्या डेटाबेसमध्येच नियम आहे की त्या खोलीला त्या तारखेवर दुसरी नोंद बसणारच नाही, कारण अ‍ॅप दोन सर्व्हरवर चालत असलं तर प्रत्येकाची रांग वेगळी होते, नुसती कोडमधली रांग पुरत नाही.

ज्यांची वेबसाइट दुसऱ्या कुणी बनवलीय त्यांनी एवढं आपल्या डेव्हलपरला जरूर दाखवा. फॉरईचला असिंक फंक्शन दिलं तर आत अवेट असूनही फॉरईच थांबत नाही, सगळी कामं एकदम सुटतात, आणि मॅप करून प्रॉमिस डॉट ऑलला दिलं तरी तेच, ते फक्त शेवटी सगळ्यांची वाट बघतं. यादी आधीच हातात असेल तर साधा फॉर-ऑफ लूप आणि त्यात अवेट, 2017 पासून भाषेतच आहे, लायब्ररी लागत नाही. बुकिंग येतच राहणार असतील तर पुढचं काम मागच्या प्रॉमिसला जोडत जा. ट्राय-कॅच लावाच, नाहीतर एक पेमेंट फसलं की मागचे सगळे लटकतात.

पावसात नेट गेलं आणि बटण परत दाबलं गेलं तरी घाबरू नका, प्रत्येक मागणीला स्वतःचा नंबर असतो, तीच मागणी परत आली तर दुसरं बुकिंग होत नाही.