होमस्टेची वेबसाइट: सीएसएस अ‍ॅनिमेशन की स्लायडरचं प्लगइन?

तारकर्लीच्या होमस्टेची वेबसाइट उघडली की समुद्राचा फोटो हळूहळू मोठा होतो आणि खोल्यांची भाडी खालून सरकत वर येतात. ही हालचाल थीमच्या (साइटच्या तयार साच्याच्या) स्टाइलशीटमध्ये सीएसएसच्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या, सात-आठ ओळी लिहून करता येते, किंवा साइट बनवायच्या वर्डप्रेस या प्रणालीत स्लायडरचं, म्हणजे फोटो एकामागून एक सरकवणारं, प्लगइन (वरून जोडायचं तयार सॉफ्टवेअर) बसवून. डोळ्यांना फरक कळत नाही. साइटला मात्र तो रोज सोसावा लागतो.

ओळखायचं असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जावास्क्रिप्ट (पानावर चालणारा प्रोग्रॅम, म्हणजेच स्क्रिप्ट) बंद करून पान रिफ्रेश करा. निव्वळ सीएसएसची हालचाल तशीच चालू राहते. स्लायडर असेल तर बहुतेक वेळा नुसती रिकामी पट्टी उरते, नाहीतर सगळे फोटो एकाखाली एक येतात.

सीएसएसची हालचाल ब्राउझर स्वतःच करतो. ट्रान्सफॉर्म (सरकवणं, लहान-मोठं करणं) आणि ओपॅसिटी (पारदर्शकता) एवढंच बदललं तर पानाची मांडणी पुन्हा मोजावी लागत नाही आणि स्वस्तातल्या फोनवरही फोटो अडखळत नाही. टॉप, लेफ्ट, विड्थ, हाइट ही जागेची आणि मापाची मूल्यं बदलत बसलात तर दर फ्रेमला मांडणी नव्याने होते. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम उरकलं नाही की झटके बसतात, म्हणजे सीएसएस आहे म्हणून सगळं आलबेल असं नाही.

प्लगइन स्वतःची स्क्रिप्ट, स्टाइलशीट, कधी आयकॉनचा फॉन्टही आणतं. स्लायडर फक्त पहिल्या पानावर असला तरी बरीच प्लगइनं हा माल संपर्काच्या पानावरही उतरवतात. बहुतेक वेळा स्क्रिप्ट आल्याशिवाय पहिला फोटो नीट दिसत नाही. पानावरचा सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा, ही गूगलची अपेक्षा. कोकण रेल्वेत दोन बोगद्यांच्या मधे भाडं बघणाऱ्या पाहुण्याकडे मुळात रेंजच तेवढी नसते. त्यात स्लायडरची उंची आधी ठरवलेली नसेल तर तो उशिरा उगवतो, ‘फोन करा’ हे बटण खाली ढकलतो आणि बोट भलत्याच दुव्यावर पडतं.

सुरक्षेचा मुद्दा आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. २०१४ च्या डिसेंबरमध्ये ‘स्लायडर रेव्होल्यूशन’च्या जुन्या आवृत्तीतल्या भगदाडातून ‘सोकसोक’ हा मालवेअर लाखभर वर्डप्रेस साइट्समध्ये शिरला. दुरुस्त आवृत्ती तोवर आलेली होती. पण हे प्लगइन अनेक विकत घेतलेल्या थीममध्ये आधीच बांधून दिलेलं असायचं, त्यामुळे आपल्या साइटवर ते आहे हेच कित्येक मालकांना ठाऊक नव्हतं. थीमसोबत आलेल्या प्लगइनचा परवाना आपल्या नावावर नसतो आणि अपडेट आपोआप येईलच असं नाही. पुढे कंटाळून ते काढलं, तर पानात चौकोनी कंसातला शॉर्टकोड (प्लगइनला बोलावणारा संकेत) उघडा पडतो. तो प्रत्येक पानातून हाताने पुसावा लागतो.

तरीही गॅलरीसाठी प्लगइनच बरं. फोटो मोठा करून बघणं नुसत्या सीएसएसने नीट जमत नाही. शिवाय मे महिन्याच्या गर्दीआधी मालकाला कोडला हात न लावता फोटो बदलता येतात. अशीच वेबसाइट असलेल्या देवगडच्या हापूसवाल्यांनी मात्र पेटीचा भाव स्लायडरच्या फोटोत छापू नये. तो साध्या मजकुरात लिहावा, नाहीतर स्लाइड सरकली की भावही गेला.

पहिल्या पानावर एकच फोटो ठेवा: १६०० पिक्सेल रुंद, वेबपी (फोटोची हलकी फाइल), २०० केबीच्या आत. त्याला लेझी लोडिंग (फोटो उशिरा, गरज पडल्यावरच उतरवणं) लावू नका, रुंदी-उंची लिहून ठेवा, हालचाल ट्रान्सफॉर्मने एकदाच करा. फोनमध्ये ज्यांनी हालचाल कमी ठेवली आहे, त्यांच्यासाठी सीएसएसमध्ये ‘प्रिफर्स रिड्यूस्ड मोशन’ची अट घालून ती बंद ठेवा. स्लायडर गॅलरीच्या पानापुरताच लोड करा. मग क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क ‘स्लो ४जी’वर टाकून पान उघडा आणि फोन नंबर किती सेकंदांनी दिसतो ते मोजा.