साइट इंजिनिअरची झोप आणि डक्टवरचं प्लायवुड

स्लॅब कधी भरायचा हे कागदावर साइट इंजिनिअर ठरवतो. प्रत्यक्षात ते बाकीचे सगळे ठरवतात. सेंटरिंगवाल्याचे (स्लॅबखालचा तात्पुरता साचा आणि टेकू उभारणाऱ्याचे) सुतार सणाला गावी गेलेले असतात, इलेक्ट्रिकवाल्याने पाइप अर्धवट टाकलेले असतात, सल्लागाराकडून सुधारित ड्रॉइंग ‘आज संध्याकाळी पाठवतो’वर अडकलेलं असतं. हे सगळं एकदाचं जुळलं की काँक्रीटच्या गाड्यांचा प्रश्न. रेडीमिक्स, म्हणजे प्लांटमध्ये तयार होऊन येणारं, काँक्रीट गाडीत भरल्यापासून साधारण दोन तासांत ओतून व्हायला हवं, आणि मुंबई-ठाणे-पुण्यात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. मग काम रात्रीवर जातं. रात्री दहानंतर पंपाच्या आवाजाने शेजारच्या सोसायटीतले लोक पोलिसांना फोन करतात, तेही इंजिनिअरनेच निस्तरायचं. पहाटे शेवटची गाडी रिकामी होते आणि सकाळी आठला मजूर हजर, म्हणजे साहेबही हजर.

बांधकामावरच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की हेल्मेट, बेल्ट, जाळ्या यांची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण हे सगळं जागेवर आहे की नाही हे बघणारा माणूस कोणत्या अवस्थेत आहे, हे क्वचितच कुणी विचारतं.

आधी झोपेचं बघू. ऑस्ट्रेलियात विल्यमसन आणि फायर या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना जागं ठेवून त्यांचं लक्ष आणि प्रतिसादाचा वेग मोजला. सलग १७ ते १९ तास जागं राहिल्यावर कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना जशी असते तशी, काही चाचण्यांत त्याहूनही वाईट भरली. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठलेला इंजिनिअर रात्री अकरा-बारालाच या पातळीला पोचतो. स्लॅब तेव्हा कुठे निम्म्यावर आलेला असतो. पंप थांबवायचा की चालू ठेवायचा, खाली टेकू सरकल्यासारखा वाटतोय तर सगळ्यांना बाहेर काढायचं की नाही, हे निर्णय त्यानंतरचे असतात.

त्यात ताणाची भर पडते. थोडा ताण कामाचाच असतो. ॲड्रेनलिन वाढतं, माणूस तरतरीत होतो; स्लॅबच्या दिवशी मरगळलेला इंजिनिअर कुणालाच नको असतो. अडचण होते ती ताण उतरायला वेळच मिळाला नाही की. मेंदूच्या पुढच्या भागात, कपाळामागे, आपण चार गोष्टी एकदम ध्यानात ठेवतो, पुढचा विचार करतो, तोंडावर आलेला शब्द गिळतो. येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टेन यांच्या अनेक वर्षांच्या संशोधनातून दिसलं की ताणात नॉरॲड्रेनलिन आणि डोपामिन ही मेंदूतली रसायनं प्रमाणाबाहेर वाढली की याच भागातल्या पेशींचं आपसातलं दळणवळण ढिलं पडतं. मग कारभार सवयीच्या आणि भीतीच्या यंत्रणांकडे जातो.

दुसरा परिणाम लक्षावर होतो. ईस्टरब्रुक या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलं होतं की उत्तेजना वाढत गेली की माणूस मुख्य कामावर खिळतो आणि कडेच्या गोष्टी त्याच्या लक्षातून गळतात. साइटवर धोका नेमका कडेलाच असतो. डक्टचं, म्हणजे पाइप वरखाली नेण्यासाठी स्लॅबमध्ये सोडलेलं, भोक घ्या. त्यावर प्लायवुड ठोकून वर रंगाने ‘खाली भोक’ असं लिहून ठेवलेलं असतं. प्लंबर पाइप सोडायला ते काढतो आणि जेवायला जाताना नुसतंच वर सरकवून ठेवतो, खिळे न मारता. इंजिनिअर तिथून जातो, कानाला फोन, पलीकडून कुणीतरी बिलाबद्दल ओरडतंय. प्लायवुड त्याच्या डोळ्यांसमोर असतं. एरवी त्याने तिथेच प्लंबरच्या नावाने हाक मारली असती.

ताण येतो कुठून, याचं उत्तर कामाच्या ढिगाऱ्यात शोधण्याची आपल्याला सवय आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये दाखवलं की माणसाला सगळ्यात जास्त जाचतं ते मागणी मोठी आणि निर्णयाचा अधिकार लहान, हे जोडपं. साइट इंजिनिअरची नोकरी म्हणजे याचा वस्तुपाठ. तारीख वरून आलेली, माणसं ठेकेदाराची, माल खरेदी विभागाचा, आणि काही पडलं तर नाव याचं.

हे सगळं एकत्र बघायचं तर टेकू काढायच्या वेळी बघावं. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवायचे असतात. सहा मीटरहून लांब तुळई असेल तर २१ दिवस. पण तेच टेकू आणि त्याच प्लेटा वरच्या मजल्याला लागणार असतात आणि ठेकेदाराकडे दुसरा संच नसतो. एकदा दोन दिवस आधी काढले, काही झालं नाही. पुढच्या वेळी तीन दिवस. १९८६ च्या चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाच्या अपघाताचा अभ्यास करताना समाजशास्त्रज्ञ डायन वॉन यांनी हीच घसरण मांडली होती: नियम मोडूनही काही बिघडलं नाही की मोडलेला नियमच हळूहळू नियम होऊन बसतो. थकलेल्या माणसाला ही घसरण अडवणं अवघड, कारण त्यासाठी ‘नाही’ म्हणावं लागतं, आणि नाही म्हणणं हे कपाळामागच्या त्या भागाचंच काम आहे.

यावरचा मला सगळ्यात आवडलेला अभ्यास डेन्मार्कमधला आहे, २०१० साली प्रसिद्ध झालेला. बांधकामावरच्या पाच टोळ्या निवडून मजुरांना वारंवार विचारलं, मुकादम आज तुमच्याशी काय बोलला? बोलणं दिवसातून कित्येकदा व्हायचं, पण सुरक्षेचा विषय मजुरांच्या सांगण्यानुसार त्यातल्या अवघ्या ६ ते १६ टक्के वेळा निघायचा. मग दोन टोळ्यांच्या मुकादमांना दर दोन आठवड्यांनी त्यांचे आकडे दाखवले आणि रोजच्या बोलण्यात सुरक्षा कशी आणायची ते शिकवलं. नवं यंत्र नाही, दंड नाही. दोन्ही टोळ्या मिळून असं बोलणं साडेचारपटींहून जास्त वाढलं. साइटवरची स्थितीही सुधारली, आणि सगळ्यात मोठा फरक पडला तो कठड्यांत आणि भोकांवरच्या झाकणांत: ८४ टक्के. ज्या तीन टोळ्यांना हात लावला नव्हता त्यांच्यात लक्षणीय असं काही बदललं नाही. आपल्याकडे सकाळच्या टूलबॉक्स टॉकचं, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीचं, बरेचदा सह्यांचं रजिस्टर होऊन बसतं. त्यापेक्षा दिवसभरातली ही फुटकळ वाक्यं जास्त कामाची दिसतात. पण ती उच्चारायला डोकं रिकामं लागतं.

आता कायदा. इमारत बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याखाली केंद्राने १९९८ मध्ये केलेल्या नियमांत कामगाराला दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. मात्र मूळ कायद्याच्या व्याख्येतून मुख्यतः व्यवस्थापनाचं काम करणारा, तसंच महिना १,६०० रुपयांहून जास्त पगार घेणारा पर्यवेक्षक, असे दोघेही वगळलेले होते. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत ‘कामगार’ या व्याख्येतला पर्यवेक्षकाच्या पगाराचा हा आकडा १८,००० झाला. म्हणजे टेकूखाली काम करणाऱ्या सुताराचे तास मोजायचे आणि टेकू काढायचा हुकूम देणाऱ्याचे मोजायचे नाहीत. मला हे उलटं वाटतं.

खर्चाचा मुद्दा लगेच पुढे येतो, तर तोही बघू. काँक्रीट आज साधारण पाच-सहा हजार रुपये घनमीटर पडतं आणि एका गाडीत सहा घनमीटर बसतं. एका गाडीच्या पैशात नवा इंजिनिअर महिनाभर मिळतो. मोठ्या स्लॅबला अशा वीस-पंचवीस गाड्या लागतात, आणि रात्रपाळीला दुसरा इंजिनिअर मागितला की ‘बजेटमध्ये नाही’ असं उत्तर येतं.