दोन जन्मतारखांचा आमदार

आपल्याकडे एका आख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराकडे बघून गुरुजींनी अंदाजाने तारीख टाकायची आणि पुढे नोकरी, बढती, निवृत्ती सगळं तिच्यावर चालायचं. आईला विचारलं तर ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी झालास’ एवढंच उत्तर. त्यामुळे दाखल्यावरची तारीख वेगळी आणि खरी वेगळी, याचं आपल्याला फारसं नवल वाटत नाही. उत्तर प्रदेशातल्या रामपूर जिल्ह्यात मात्र अशाच दोन तारखांपायी एका तरुण आमदाराची आमदारकी गेली, आणि त्याच्याबरोबर आई-वडीलही तुरुंगात गेले.

अब्दुल्ला आझम खान हे समाजवादी पक्षाचे नेते आझम खान यांचे चिरंजीव. आई तझीन फातिमा राज्यसभेत खासदार होत्या. आझम खान यांचं राजकारण अलीगढ मुस्लिम विद्यापीठातल्या विद्यार्थी चळवळीतून आणि आणीबाणीतल्या तुरुंगवासातून आलेलं. १९८० मध्ये ते रामपूरमधून पहिल्यांदा आमदार झाले आणि तिथून दहा वेळा निवडून आले. रामपूर हे नवाबांचं संस्थान. संस्थान विलीन झालं तरी नवाब घराण्याचा दबदबा उरला होता. बेगम नूर बानो काँग्रेसच्या खासदार होत्या, त्यांचे पुत्र काझिम अली खान ऊर्फ नवेद मियाँ स्वारमधून आमदार होते. या वाड्याला आव्हान देतच आझम खान मोठे झाले. पुढच्या खटल्यांमधली पात्रं कोण, हे कळायला हा इतिहास लागतो, कारण न्यायालयात उभे राहिलेले चेहरे बहुतेक मतपत्रिकेवरचेच होते.

२०१७ च्या विधानसभा निवडणुकीत वडील रामपूरमधून आणि मुलगा शेजारच्या स्वारमधून उभा राहिला. त्या वर्षी भाजपने एकट्याच्या बळावर ३१२ जागा घेतल्या, समाजवादी पक्ष ४७ वर घसरला. तरीही बापलेक दोघेही निवडून आले. अब्दुल्लांनी भाजपच्या लक्ष्मी सैनी यांना ५० हजारांहून अधिक मतांनी हरवलं. तिसऱ्या क्रमांकावर होते बहुजन समाज पक्षाचे उमेदवार, म्हणजे तेच नवेद मियाँ. मतपेटीत हरलेले नवेद मियाँ अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. त्यांचा मुद्दा एकच होता: उमेदवाराचं वय.

घटनेच्या १७३ व्या अनुच्छेदाप्रमाणे विधानसभेसाठी वयाची पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. अब्दुल्लांच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर जन्मतारीख होती १ जानेवारी १९९३. अर्ज भरला जानेवारी २०१७ मध्ये. हिशेब सोपा आहे, चोविसावं नुकतंच सरलेलं. कुटुंबाचं म्हणणं वेगळं होतं. जन्म लखनौच्या क्वीन मेरी रुग्णालयात ३० सप्टेंबर १९९० ला झाला, शाळेतली तारीख चुकीची पडली. ही दुसरी तारीख खरी धरली तर उमेदवार सव्वीस वर्षांचा ठरतो.

दोन्ही तारखांचे जन्मदाखले होते, हीच खरी गोम. रामपूर नगरपालिकेचा दाखला २०१२ चा, त्यावर १९९३. लखनौ महापालिकेचा दाखला जानेवारी २०१५ चा, त्यावर १९९०. निवडणुकीच्या दोन वर्षं आधी निघालेला दाखला न्यायालयाला पटावा, ही अपेक्षाच मुळात धाडसाची होती. १६ डिसेंबर २०१९ ला उच्च न्यायालयाने निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं ते नोव्हेंबर २०२२ मध्ये. मधल्या काळात स्वारला पोटनिवडणूक झालीच नाही. मतदारांनी कुणालाही मत दिलेलं असो, दोन वर्षांहून अधिक काळ त्यांना आमदारच नव्हता. याबद्दल मात्र कुणी फारसं बोललं नाही.

इथवर मामला दिवाणी वळणाचा होता. जानेवारी २०१९ मध्ये भाजपचे आकाश सक्सेना यांनी दोन जन्मदाखल्यांवरून पोलिसांत तक्रार केली आणि त्याला फौजदारी वळण लागलं. सक्सेना हेही काही तटस्थ नागरिक नव्हेत. त्यांचे वडील स्वारचे माजी आमदार, आणि आकाश स्वतः पुढे २०२२ मध्ये आझम खान यांच्याविरुद्ध लढले. दोन जन्मदाखल्यांमागोमाग दोन पॅनकार्ड आणि दोन पासपोर्ट अशी प्रकरणं उभी राहिली. एकट्या आझम खान यांच्यावरच्या गुन्ह्यांची संख्या ऐंशीच्या पुढे गेली. समाजवादी पक्षाने याला सूडाचं राजकारण म्हटलं, भाजपने कायद्याचं राज्य म्हटलं. मला दोन्हींत थोडं तथ्य दिसतं. गुन्हे सत्तापालटानंतर धडाधड दाखल झाले हे खरं, आणि एका माणसाचे दोन जन्मदाखले निघाले होते हेही खरं.

२६ फेब्रुवारी २०२० ला तिघेही रामपूरच्या न्यायालयात शरण आले. त्यांची रवानगी सीतापूरच्या तुरुंगात झाली. तझीन फातिमा त्याच वर्षाच्या अखेरीस सुटल्या. अब्दुल्ला जानेवारी २०२२ मध्ये जामिनावर बाहेर आले, तोवर निवडणूक तोंडावर होती. पुन्हा स्वार. या खेपेला समोर अपना दल (सोनेलाल) चे हैदर अली खान, नवेद मियाँ यांचेच पुत्र. वडिलांनी न्यायालयात जिंकलेली लढाई मुलगा मतदानात हरला, तीही ६० हजारांहून अधिक मतांनी. वडील आझम खान तर सीतापूरच्या कोठडीतूनच रामपूर जिंकून आले.

अब्दुल्लांची ही दुसरी आमदारकी वर्षभरही टिकली नाही, आणि या वेळचं कारण पंधरा वर्षं जुनं होतं. रामपूरमध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या केंद्रावर २००७ सरता सरता दहशतवादी हल्ला झाला होता. त्यानंतरच्या नाकाबंदीत, जानेवारी २००८ मध्ये, मुरादाबाद जिल्ह्यातल्या छजलैट इथे पोलिसांनी आझम खान यांची गाडी तपासायला अडवली. त्यावरून रस्त्यावरच धरणं धरण्यात आलं. त्या खटल्यात १३ फेब्रुवारी २०२३ ला मुरादाबादच्या न्यायालयाने बापलेकांना प्रत्येकी दोन वर्षांची शिक्षा दिली.

दोन वर्षं हा आकडा नेमका घातक. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८(३) नुसार दोन किंवा अधिक वर्षांची शिक्षा झाली की सदस्यत्व जातं आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. पूर्वी अपील केलं की खुर्ची शाबूत राहायची. जुलै २०१३ मध्ये लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती सवलत रद्द केली. आपल्याकडे नागपूर जिल्हा बँक प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये शिक्षा होताच सावनेरच्या सुनील केदारांची आमदारकी गेली, ती याच कलमाने. अब्दुल्लांची जागा निकालाच्या तारखेपासून रिकामी जाहीर झाली. मे २०२३ च्या पोटनिवडणुकीत अपना दलाचे शफीक अहमद अन्सारी निवडून आले.

छजलैटच्या खटल्यात जन्मतारखेचा प्रश्न पुन्हा आला, पण उलट्या बाजूने. स्वारच्या खटल्यात अब्दुल्लांना मोठं ठरायचं होतं. इथे त्यांचा बचाव असा की, घटनेच्या वेळी आपण अल्पवयीन होतो. अल्पवयात केलेल्या गुन्ह्याची दोषसिद्धी अपात्रता आणत नाही, असं बालन्याय कायदा सांगतो. गंमत म्हणजे इथे कोणतीही तारीख घ्या, १९९३ धरली तर ते पंधरा वर्षांचे आणि १९९० धरली तर सतरा. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुरादाबादच्या जिल्हा न्यायाधीशांना या वयाची चौकशी करायला सांगितलं. तोवर स्वारमध्ये नवा आमदार बसून चार महिने झाले होते.

वडिलांच्या बाबतीतही घड्याळ असंच पुढे पळालं होतं. २०१९ च्या एका भाषणावरून आझम खान यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली, आमदारकी गेली, डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत जन्मदाखल्यांची तक्रार करणारे आकाश सक्सेना रामपूरचे आमदार झाले. मे २०२३ मध्ये अपिलात ती शिक्षा रद्द झाली. जागा अर्थातच परत मिळाली नाही.

जन्मदाखल्यांच्या मूळ खटल्यात १८ ऑक्टोबर २०२३ ला तिघांनाही सात-सात वर्षांची शिक्षा झाली. अब्दुल्लांना हरदोईच्या तुरुंगात ठेवलं. मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला, पण बाकीच्या प्रकरणांमुळे प्रत्यक्ष सुटका फेब्रुवारी २०२५ उजाडेपर्यंत लांबली. बाहेरचे दिवस फार नव्हते. १७ नोव्हेंबर २०२५ ला दोन पॅनकार्डांच्या खटल्यात रामपूरच्या न्यायालयाने वडील आणि मुलगा दोघांना पुन्हा सात वर्षांची शिक्षा सुनावली, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला पासपोर्टच्या खटल्यात अब्दुल्लांना आणखी सात. त्या दिवशी दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे त्यांचं वय बत्तीस होतं, घरच्यांच्या हिशेबाने पस्तीस.