ओळंबा, पाणसळ आणि विमान

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचा उजवा पंख डाव्यापेक्षा सुमारे १० सेंटीमीटर लांब होता. ही मापात झालेली चूक नव्हती, तो मुद्दाम तसा केलेला होता. विमान चालवणारा भाऊ मधल्या रेषेच्या डाव्या अंगाला पालथा झोपायचा, इंजिन उजव्या अंगाला असायचं, आणि इंजिन माणसापेक्षा जड होतं. म्हणून उजवीकडे उचल थोडी जास्त हवी होती. पुढच्या वर्षी, १९०४ मध्ये, त्यांचं नवं विमान हवेत वरखाली हिंदकळत राहिलं, तेव्हा त्यांनी नाकाकडे ३० किलोच्या आसपास लोखंड बांधलं. कारखाना नाही, सरकारी पैसा नाही, सायकलच्या दुकानात फावल्या वेळात केलेलं काम. घरगुती विमान ते हेच.

घरी विमान बांधणाऱ्याचे फोटो पाहिले की त्यात हमखास ड्रिल दिसतं, हातोडा दिसतो, चकचकीत पत्रा दिसतो. माझ्या मते खरी हत्यारं फोटोत येतच नाहीत. ती आपल्या गवंड्याच्या पिशवीत असतात: ओळंबा, पाणसळ, दोरी आणि मोजपट्टी.

आज हा छंद सगळ्यात फोफावलाय तो अमेरिकेत. तिथला नियम साधा आहे. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी केलेलं असलं पाहिजे. ऑरेगॉनमधल्या रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांचं आरव्ही-३ हे छोटं विमान १९७१ मध्ये उडालं. त्याच घराण्यातली, लोकांनी गॅरेजमध्ये बांधलेली ११ हजारांहून जास्त विमानं आतापर्यंत आकाशात गेली आहेत. आपल्याकडचं उदाहरण बहुतेकांना आठवत असेल. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, उडवून पाहायची परवानगी २०१९ मध्ये मिळाली आणि चाचण्या धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या. विमान तयार होणं आणि विमान उडणं यांच्यामध्ये केवढं अंतर असतं, ते या तारखाच सांगतात. त्यातला कागदपत्रांचा भाग वेगळा. उरलेल्या भागाबद्दल हा लेख आहे.

बांधणीपासून सुरुवात करू. पत्र्याच्या विमानात पंखाची मुख्य तुळई, म्हणजे स्पार, तिच्यावर आडव्या बरगड्या आणि त्यांवर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. हे सगळं रिव्हेटने, म्हणजे ठोकून बसवायच्या धातूच्या छोट्या खिळ्यांनी जोडतात. वेल्डिंग का नाही? तांबं मिसळलेल्या या ॲल्युमिनियमला ताकद येते ती उष्णतेच्या ठराविक प्रक्रियेतून. त्यावर वेल्डिंगची ज्योत लावली की तेवढ्या भागातली ती ताकद निघून जाते. म्हणून भोक पाडा, भोकाची कड साफ करा, रिव्हेट घाला आणि ठोका. एका छोट्या विमानात असे हजारो रिव्हेट लागतात.

एक रिव्हेट जवळून पाहू. दांडी सव्वातीन मिलिमीटर जाडीची. एका बाजूने हवेवर चालणारी रिव्हेट गन टकटक करते आणि पलीकडून दुसरा माणूस जड पोलादी ठोकळा घट्ट दाबून धरतो. दांडीचं टोक चेपून त्याची बटणासारखी चकती होते. तिची रुंदी दांडीच्या दीडपट, म्हणजे जेमतेम ५ मिलिमीटर, आणि उंची दांडीच्या निम्मी असायला हवी. कमी ठोकला तर पकड सैल राहते, जास्त ठोकला तर पत्रा ताणला जातो. बिघडलेला रिव्हेट ड्रिलने काढता येतो, पण काढताना हात हलला तर भोक मोठं होतं आणि मग प्रकरण वाढतं. ठोकळा धरणाऱ्याला गनवाला दिसत नाही, कारण मध्ये पंख असतो. सगळा कारभार आवाजावर चालतो. अनेक घरांत हा ठोकळा नवऱ्यासाठी बायको किंवा बायकोसाठी नवरा धरतो, आणि संसाराची याहून कठीण परीक्षा मला तरी माहीत नाही.

तरीही हे काम चिकाटीचं आहे, गूढ नाही. धाकधूक सुरू होते ती पंख धडाला लावताना.

आधी धड सर्व बाजूंनी पाणसळीत आणतात. मग दोन्ही पंखांच्या पुढच्या कडेवरून ओळंबे सोडतात आणि जमिनीजवळ आडवी दोरी ताणून सगळे ओळंबे एका रेषेत येतात का ते बघतात. एखादा ओळंबा रेषेच्या मागे राहिला, तर तो पंख मागे झुकलाय. त्यानंतर मोजपट्टी. डाव्या पंखाच्या टोकापासून शेपटीवरच्या ठराविक बिंदूपर्यंतचं अंतर आणि उजव्याचं अंतर सारखं यायला हवं. कोपऱ्याकोपऱ्यातून कर्ण मोजून पाया काटकोनात आहे की नाही हे गवंडी ज्या रीतीने ताडून बघतो, तीच ही रीत.

शेवटी येतो बसवणीचा कोन. पंख धडाशी किती तिरका बसलाय, आणि डावा-उजवा सारखेच तिरके आहेत का? इथे अर्ध्या अंशाचीही किंमत असते. पंखाची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी १.४ मीटर धरली, तर अर्धा अंश म्हणजे मागची कड फक्त सव्वा सेंटीमीटर वर किंवा खाली. डोळ्याला कळतही नाही. पण छोटं विमान नेहमीच्या वेगाने जाताना पंख हवेला जेमतेम तीन-चार अंशांनीच भिडत असतो. त्यातला अर्धा अंश म्हणजे बराच मोठा हिस्सा. ६०० किलोच्या विमानात एकेक पंख ३०० किलो उचलतो. ढोबळ हिशेबाने, अर्ध्या अंशाच्या फरकाने एका बाजूला ३० ते ४० किलो जास्त उचल मिळते. एका पंखाखाली सिमेंटचं पोतं लटकवून उडावं, तसं ते विमान सतत एका अंगाला कलत राहणार.

दांडे आणि तारा असलेल्या जुन्या धाटणीच्या विमानात हा कोन नंतरही बदलता येतो. मागचा दांडा थोडा पिळला, तारेचा ताण कमी-जास्त केला की झालं. पत्र्याच्या विमानात मात्र कोन जुळला की मागच्या स्पारला धडाशी जोडणारं भोक पाडतात, एकदाच. त्या भोकापाशी लोक दिवस-दिवस अडून बसतात. मोजून झालेलं परत मोजतात, शेजाऱ्याला बोलावून त्याच्याकडूनही मोजून घेतात. हा वेडेपणा नाही. स्वतः केलेल्या कामातली चूक स्वतःला दिसत नाही, हे ज्याला कळलंय तो असंच करतो.

या बाबतीत रॉय चॅडविक यांची गोष्ट विसरता येत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या प्रसिद्ध लँकॅस्टर बॉम्बफेकी विमानाचा हा रचनाकार. २३ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्लंडमध्ये वुडफर्डला ॲव्रो ट्यूडर विमानाच्या चाचणीत तो स्वतः बसला होता. एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरच्या ज्या झडपांनी विमान डावी-उजवीकडे कलतं, त्यांच्या तारा देखभालीत उलट जोडल्या गेल्या होत्या. विमान उडताच कोसळलं आणि चॅडविकही गेला. मोठा कारखाना, अनुभवी कामगार, कसलेला चाचणी वैमानिक असं सगळं असून हे घडलं. गॅरेजमध्ये एकट्याने तारा जोडणाऱ्याने किती घाबरावं ते त्यावरून ठरवा.

यावर वैमानिकांची एक साधी युक्ती आहे. विमान चालवायची दांडी मुठीत धरून अंगठा सरळ वर करायचा आणि दांडी कलवायची. अंगठा ज्या पंखाकडे झुकेल, त्या पंखाचा एलेरॉन वर गेलेला दिसला पाहिजे. झडपा हलताहेत ना, एवढं पाहून भागत नाही. उलट जोडलेल्या झडपाही झकास हलतात.

पंख बसले की वजनकाटा. विमान पाणसळीत आणून तिन्ही चाकांखाली काटे ठेवतात. समजा मागची दोन चाकं मिळून ४४५ किलो दाखवतात आणि नाकाखालचं चाक १०५ किलो. अंतरं मोजायला नाकाच्या टोकाशी एक रेषा ठरवून घेतली. मागची चाकं तिथून २ मीटरवर, पुढचं चाक ०.६ मीटरवर. वजन गुणिले अंतर अशी बेरीज केली की ८९० अधिक ६३, म्हणजे ९५३ येते. तिला ५५० किलोने भागलं की १.७३ मीटर. हा गुरुत्वमध्य. पंखाची पुढची कड १.३५ मीटरवर असेल, तर गुरुत्वमध्य पंखाच्या १.४ मीटर रुंदीत सुमारे २७ टक्क्यांवर पडला. अशा विमानाची मागची मर्यादा ३० टक्के धरू. आता आसनामागच्या जागेत, २.९ मीटरवर, २० किलोची बॅग ठेवा. गुरुत्वमध्य ४ सेंटीमीटर मागे सरकतो आणि मर्यादेच्या बाहेर जातो. गुरुत्वमध्य पुढे असलेलं विमान आळशी वाटतं, पण सोडलं तर आपोआप सरळ होतं. मागे गेलेला असेल तर नाक एकदा वर उचललं की ते आणखी वर जायला बघतं. राइट बंधूंनी ३० किलो लोखंड पुढे बांधलं ते याच आजारावर.

सगळी मापं बरोबर आली तरी रचनेतच खोट असू शकते. फ्रान्सचा आंरी मिन्ये हा हौशी माणूस. सामान्य माणसालाही बांधता यावं आणि उडवता यावं असं विमान त्याने १९३३ मध्ये उडवलं आणि बांधायचं कसं ते पुस्तकातून सांगितलं. एकामागे एक असे दोन पंख, एलेरॉन नाहीतच. दांडी ओढली की पुढचा अख्खा पंखच तिरका व्हायचा. फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये या ‘उडत्या पिसवे’ची अक्षरशः साथ आली. मग माणसं मरू लागली. विमान सूर मारायचं आणि बाहेरच यायचं नाही.

१९३५-३६ च्या सुमारास खरंखुरं विमानच मोठ्या पवन-बोगद्यात ठेवून पाहिलं, तेव्हा कारण सापडलं. पुढच्या पंखाची मागची कड मागच्या पंखाच्या थोडी वर होती आणि दोघांमध्ये अरुंद फट होती. नाक ठराविक कोनापलीकडे खाली गेलं, की फटीतून वेगाने जाणारी हवा मागच्या पंखाची उचल वाढवायची. शेपूट वर, नाक आणखी खाली. घाबरून दांडी मागे ओढावी, तर पुढच्या पंखाची मागची कड आणखी खाली येऊन फट आणखी आवळायची. म्हणजे जीव वाचवायची जी एकच हालचाल चालकाला माहीत होती, तीच त्याला खाली ढकलत होती. उड्डाणांवर बंदी आली. पुढे पंखांमधलं अंतर आणि कोन बदलून हा दोष काढता आला, पण तोवर नाव खराब व्हायचं ते झालं होतं. मिन्येचा मला राग येत नाही. त्याने स्वतः जेवढं उडवून पाहिलं त्यात हे दिसलं नव्हतं, एवढाच त्याचा दोष. पण उडवून पाहणं म्हणजे नेमकं किती आणि कसं उडवायचं, या प्रश्नाचं उत्तर त्याच्या विमानाने महागात शिकवलं.

त्या उत्तराला आता चांगलं वळण आलंय. अमेरिकेत नव्या घरगुती विमानाला सहसा पहिले २५ किंवा ४० तास ठरवून दिलेल्या भागातच उडावं लागतं. इंजिन आणि त्याने फिरणारा पंखा (प्रोपेलर) प्रमाणित जोडीचे असतील तर २५. पहिल्या उड्डाणाआधी इंधनाची चाचणी होते. नाक चढणीच्या कोनात वर करून, इंजिनाला पूर्ण ताकदीला जेवढं इंधन लागतं त्याच्या सव्वापट पंपातून येतंय का ते बाटली आणि घड्याळ घेऊन मोजतात. पंप नसेल, टाकीतून नुसतं उतरत असेल, तर दीडपट लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण अमेरिकी तपास यंत्रणेने २०१२ मध्ये अशा विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा इंजिन बंद पडणं आणि ताबा सुटणं ही दोन कारणं सगळ्यांच्या वर होती, आणि बरेच अपघात विमानाच्या सुरुवातीच्या उड्डाणांत झालेले होते.

पहिलं उड्डाण म्हणजे कसरत नव्हे. सकाळची शांत हवा, कमी इंधन नाही आणि जास्तही नाही, धावपट्टी सोडून दूर जायचं नाही. उंची घेत वर घिरट्या घालायच्या, म्हणजे इंजिन थांबलंच तर तरंगत उतरता येईल. सुरक्षित उंचीवर वेग हळूहळू कमी करून विमान कुठे थरथरायला लागतं ते पाहायचं. नवा वेगदर्शक खोटं सांगत असू शकतो, म्हणून उतरायचा वेग पुस्तकातून घ्यायचा नाही. काटा ८० वर असताना विमान स्टॉल होतं, म्हणजे उचल सोडतं, असं दिसलं, तर त्याच काट्यावर १.३ पट, १०४ धरून उतरायचं. काटा खोटा असला तरी दोन्ही वेळा जवळपास सारखाच खोटा असतो.

पुढच्या तासांत वेग थोडा-थोडा वाढवत नेतात, कारण झडपांची फडफड जास्त वेगातच उठते आणि काही सेकंदांत शेपूट मोडू शकते. ती टाळायला झडपांच्या बिजागरीपुढे शिसं भरून तोल साधलेला असतो. हौसेने रडरवर, म्हणजे शेपटीच्या उभ्या झडपेवर, रंगाचे दोन हात जास्त मारले, तर बिजागरीमागचं वजन वाढतं आणि तो तोल पुन्हा साधावा लागतो.

एवढं करून पहिल्या उड्डाणानंतर उतरलेला माणूस बहुतेक वेळा एकच तक्रार करतो: दांडी सोडली की विमान हळूच एका अंगाला कलतं. ओळंबे, दोऱ्या, कर्ण सगळं करूनही. मग तो एलेरॉनच्या मागच्या दुमडीवर दोन्हीकडून लाकडाच्या फळ्या धरतो आणि रुंद तोंडाच्या पकडीने ती दुमड थोडी थोडी चेपत जातो. अर्धा मिलिमीटरही नाही. परत उडतो, दांडी सोडतो, बघतो. उतरतो. पुन्हा पकड हातात घेतो.